ती शिल्ड लोबेरांचीच

जानेवारी २०२० संपत आला होता. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत एफसी गोवा गुणतक्त्यात अव्वल, साखळीतले तीनच सामने बाकी, आणि क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढून टाकलं. बातमी वाचली तेव्हा वाटलं, कुणीतरी पुडी सोडली असणार. पुडी नव्हती. इतकी वर्षं झाली, तरी तो निर्णय मला पटत नाही.

पुढे गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडांनी संघ हातात घेतला, उरलेले तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरशी तर ५-०. साखळीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी पहिलीवहिली लीग शिल्ड गोव्यात आली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब आमचा ठरला. क्लिफर्डचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण ३९ गुणांतले ३० गुण लोबेरांच्या हाताखाली मिळाले होते.

माणूस मूळचा स्पेनमधल्या सारागोसाचा. तरुणपणीच बार्सिलोनाच्या अकादमीत शिकवायला लागला, २०१२ मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक टिटो व्हिलानोवांच्या मदतनिसांत होता, मग लास पाल्मासला मुख्य प्रशिक्षक, मग मोरोक्कोत तेतुआनचा क्लब. २०१७ मध्ये गोव्यात आला तेव्हा त्याला इथे फारसं कुणी ओळखत नव्हतं.

पहिल्याच हंगामात साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल! आमचा स्ट्रायकर कोरो एकटा १८. पण मला गोलांपेक्षा आठवतं ते गोलकीपरच्या पायाशी असलेला चेंडू. समोरचा अंगावर धावून येतोय आणि आपला कीपर लांब न भिरकावता शेजारच्या बचावपटूला पास देतोय. सुरुवातीला त्यात चुका झाल्या, गोल खाल्ले, आमच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्याच्या स्टँडात लोक ओरडले, 'अरे, मार ना बाहेर!' लोबेरांनी खेळ बदलला नाही. भारतीय खेळाडूला पायातला चेंडू सांभाळता येत नाही, हे आपण स्वतःच वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. या परक्या माणसाचा मात्र आमच्या पोरांवर विश्वास होता. म्हापशाचा मंदार राव देसाई विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, होता, त्याला त्यांनी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, केलं आणि त्याची कारकीर्दच बदलली. मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसचे पास तर बघतच राहावेत असे झाले.

१७ मार्च २०१९ ची अंधेरीतली फायनल मी स्टेडियममध्ये बसून पाहिली. मुंबईत नोकरी करणारे आम्ही गोंयकार भगवे शर्ट घालून लोकलने गेलो होतो. आमच्या जाहूला लाल कार्ड मिळालं, दहा जण झुंजत राहिले, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं हेडर. १-०, बेंगळुरू. परतताना आमच्यापैकी कुणी एक शब्द बोललं नाही. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, क्लबची पहिली ट्रॉफी, पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही.

म्हणून २०२०-२१ चा हंगाम मला फार जड गेला. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले, पाठोपाठ आमचे परदेशी खेळाडू जाहू, फॉल, बुमूस आणि आपला मंदारही गेला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर. सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईने आम्हाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. फायनलला, ९०व्या मिनिटाला मुंबईच्या बिपिन सिंगने गोल केला, आणि लीग शिल्ड व फायनलची ट्रॉफी एकाच हंगामात जिंकणारा मुंबई हा पहिला संघ झाला. लोबेरांनी तो करंडक उचलला तो फातोर्ड्यात. आमच्या फातोर्ड्यात! समोर एकही प्रेक्षक नाही. मुंबईचे मित्र फोनवर नाचत होते, त्यांचं अभिनंदन मी मनापासून केलं. पण त्या संघाची चाल, तो मागून बांधत आणलेला खेळ, त्यातला प्रत्येक पास माझ्या ओळखीचा होता.

एक गोष्ट मात्र लोबेरांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवी. २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला तो क्लिफर्डनी, तेही तात्पुरते प्रशिक्षक म्हणून. आणि त्यानंतर ती खुर्ची मिळाली लोबेरांना. एकदा लोबेरांचं अर्धं काम क्लिफर्डनी पुरं केलं, आणि एकदा क्लिफर्डनी जिंकलेला संघ लोबेरांच्या हाती गेला. आपल्या माणसाला कायमची जबाबदारी द्यायला आपले क्लब इतके का कचरतात, याचा मला राग येतो. त्यात लोबेरांचा दोष नाही.

फातोर्ड्यात तेव्हा 'मार बाहेर' म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. आता वाडीतल्या मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरं खेळतात, त्यांचा कीपर आधी शेजारी बघतो, मग पास देतो. परवा त्याची चूक झाली, गोल गेला. पुढच्या वेळी त्याने पुन्हा पासच दिला.