पंचगंगेचे फूट मोजता, तसा प्राणवायूही मोजा

कोल्हापुरातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी किती? ३९ फूट. धोका पातळी? ४३. पावसाळ्यात फूट आणि इंच मोबाईलवर येत राहतात आणि आपण ते गल्लीभर सांगत सुटतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं ही सवय लावली.

आता मार्चमधल्या पंचगंगेचा एक आकडा सांगा. कुठलाही.

मलाही सांगता आला नसता. गेल्या मार्चमध्ये शिरोळ तालुक्यात आत्तीकडं गेलो होतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ पाणी काळपट, वर फेस, आणि जलपर्णीत अडकलेले मासे पांढरी पोटं वर करून पडलेले. आत्तीनं म्हशीसाठी कळशी बुडवली, नाकाजवळ नेली आणि तशीच परत ओतली. "तुमच्या गावचं पाणी आलंय बघ," एवढंच म्हणाली. मान खाली घालून उभा राहिलो.

पावसाळ्यात भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी भरून येतात. घाण तेव्हाही येतेच, पण त्या लोंढ्यात ती पातळ होते. पाऊस सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात आणि वाहती नदी टप्प्याटप्प्यानं तुंबते. त्या साचलेल्या पाण्यात आपले जयंती आणि दुधाळी नाले, खाली इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस कारखान्यांचं रंगीत पाणी. सडणारी घाण पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरून मरतात. पुढं बरगे काढले की वरचं काळं पाणी एकदम खालच्या गावांवर जातं. जूनच्या पहिल्या पावसात नाल्यांच्या तळाचा गाळही नदीत येतो.

कसबा बावड्यात ७६ एमएलडीचं (म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) आणि दुधाळीत १७ एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, हे मला माहीत आहे. पण जयंती नाल्याचं पाणी आधी पंपानं उचलून बावड्याला न्यावं लागतं. पंप थांबला की नाला सरळ नदीत. तो किती तास थांबला होता, हे नदीकाठच्या माणसाला कोण सांगतं?

आपल्याला याची झळ लागत नाही, कारण आपण वरचं पाणी पितो. आधी शिंगणापूर, बालिंगा. आता काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन. ती पाहिजेच होती, त्यासाठी शहरानं कैक वर्षं आंदोलनं केली. पण आपल्या नळाला चांगलं पाणी आलं म्हणून खालच्या गावांचा विषय मिटत नाही. २०१२ ची इचलकरंजीतली कावीळ आठवा, माणसं दगावली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जशी पाण्याची पातळी सांगता, तसा राजाराम, रुई आणि तेरवाड बंधाऱ्यावर बरगे बसल्यापासून निघेपर्यंत रोज विरघळलेला प्राणवायू सांगा. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो. बीओडीची, म्हणजे घाण सडताना किती प्राणवायू खाते त्याची, तपासणी व्हायला काही दिवस जातात, पण प्राणवायू मीटर बुडवला की तिथल्या तिथं कळतो. त्याच फलकावर नाल्याचे पंप किती तास बंद होते तेही लिहा. आकडा डोळ्यांसमोर आला की अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावं लागेल आणि आपल्यालाही.

अर्ज लिहून तयार आहे. रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगा घाटावर, दीपमाळेपाशी, सह्या घ्यायला बसतोय. पहिली सही आत्तीची आहे, ती मी घेऊन आलोय.