चीनमधला वीकएंड आणि त्यात आलेला वाढदिवस : काही अनुभवी सूचना

सर्वप्रथम अभिनंदन! कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी सुझौला पाठवलंय, नातेवाईकांना तुम्ही शांघायला असता असं सांगून झालंय (सुझौ म्हटलं की ते कुठं आलं इथपासून सुरुवात होते, आणि शांघाय हायस्पीड ट्रेनने अर्ध्या तासावर तर आहे, चालतंय), कपाटात गोडा मसाला आणि मेतकूट लावून झालं, आता प्रश्न एकच, शनिवार-रविवारचं करायचं काय.

पहिली सूचना अशी की येणारा शनिवार खरंच शनिवार आहे का हे कधीही तपासू नका. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला इथे आठवडाभर सुट्टी मिळते, आपल्याला वाटतं वा काय दिलदार लोक आहेत, पण त्यातले एकदोन दिवस आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी ऑफिस भरवून वसूल केलेले असतात, त्याला हे लोक थ्याओ-शिऊ म्हणतात, आपण उधारी म्हणू. त्यांचं वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर झालेलं असतं, पण ते चिनीत असतं आणि आपण कुठे वाचतो. तेव्हा अशा एखाद्या रविवारी सकाळी बिनधास्त बागेत जा, तळ्याकाठी बसा, आणि मॅनेजरचा फोन आला की त्याला उलट विचारा, तू रविवारी ऑफिसात काय करतोयस? मी विचारलं होतं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

बागेवरून आठवलं, सुझौची सगळ्यात नावाजलेली बाग सोळाव्या शतकात एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने करवून घेतली, चांगली पाच हेक्टर, तळी, पूल, मंडप, सगळं साग्रसंगीत, आणि नाव काय ठेवलं तर साधारण 'नम्र अधिकाऱ्याची बाग'. आपल्याकडे तीन मजली बंगल्याला 'पर्णकुटी' नाव देतात त्यातलाच प्रकार. पुढे पोराने ती जुगारात घालवली असं सांगतात. आता ती युनेस्कोच्या यादीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी असते की तळं बघायचं तर पुढच्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर बघावं लागतं. पण फोटो काढाच, घरच्या ग्रुपवर टाका आणि खाली 'निवांत' असं लिहा. बाग नको असेल तर जिन्जी तळ्याजवळची ती तीनशे मीटर उंच कमान आहे, अधिकृत नाव पूर्वेचं द्वार, पण इथलेच लोक तिला थंडीत आतून घालायची इजार म्हणतात आणि एकदा हे ऐकलं की दुसरं काही दिसत नाही.

शांघायला जायचं तर मित्रांना बरोबर घ्या. मित्र म्हणजे अर्थातच आपलेच, एक कोल्हापूरचा, एक नाशिकचा, एक तमिळ जो आता आपल्यापेक्षा बरं मराठी बोलतो. चिनी मित्र जोडायच्या भानगडीत पडू नका, ते आपल्याला नवीन काहीतरी खायला घालतील. त्यापेक्षा पहाटे उठून, पासपोर्ट दाखवून गाडी पकडून, मेट्रोत बॅगा तपासून घेत, दीड-दोन तास खर्चून थेट इंडियन रेस्टॉरंट गाठावं आणि तिथे पनीर मागवून 'घरच्यासारखं नाहीये' म्हणावं, हा खरा प्रवास. नंतर नदीकाठी वायतानला जायचं, पलीकडे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर उभा असतो, त्याचं टोक बरेचदा ढगातच असतं, ते फोटोत यावं म्हणून एकाने जमिनीवर आडवं व्हायचं. आमच्यात ते काम नाशिककराकडे आहे.

तुम्ही अविवाहित असाल तर पीपल्स पार्क चुकवू नका. शनिवार-रविवारी तिथे आईबाप उघड्या छत्र्या ओळीने जमिनीवर मांडून बसतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद, मुलाचं वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. मुलं बहुतेक घरी झोपलेली असतात. मला वाटलं पावसाळी बाजार आहे, मी एक छत्री केवढ्याला म्हणून विचारली. त्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पगार विचारला. मी सांगितला. त्यांनी छत्री थोडी स्वतःकडे सरकवली.

जेवणाबाबत, तुम्ही शाकाहारी असाल तर 'वो छ सू' एवढं एकच वाक्य पाठ करा आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा. समोर येतील त्या शेंगांवर बारीक बारीक तपकिरी काहीतरी भुरभुरवलेलं असेल, ते पोर्क आहे, पण ते मांस धरत नाहीत, ते चवीपुरतं असतं, आपल्याकडे चिमूटभर हिंग टाकतात तसं. वाद घालू नका, गरम पाणी प्या. गरम पाणी इथे सर्दीवर, पोटदुखीवर, प्रेमभंगावर, सगळ्यावर चालतं, थोडक्यात तुमची आई बरोबर होती पण हे तिला कळवायची गरज नाही.

खरेदी करायची तर टोपी घ्या, हिरवी. मी घेतली होती. हांगचौला वेस्ट लेक बघून आम्ही पलीकडच्या लोंगजिंग चहाच्या मळ्यांकडे गेलो, सगळीकडे हिरवंगार, म्हटलं मॅचिंग होईल. दिवसभर लोक माझ्याकडे बघून गोड हसत होते, दोन म्हाताऱ्यांनी तर खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं भारत-चीन मैत्री, डॉक्टर कोटणीस आमच्या सोलापूरचेच की हो, वगैरे वगैरे. सोमवारी तीच टोपी घालून ऑफिसात गेलो तेव्हा एचआरच्या मुलीने मला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? इथे पुरुषाने हिरवी टोपी घालणे म्हणजे बायको दुसऱ्याबरोबर फिरतेय याची जाहिरात. माझं लग्न झालेलं नाही हे सांगितल्यावर तिला जास्तच वाईट वाटलं.

आता वाढदिवस. भेट द्यायची तर भिंतीवरचं घड्याळ न्या, गणपतीवालं असेल तर उत्तमच, कारण चिनीत घड्याळ भेट देणे आणि शेवटच्या प्रवासाला पोचवणे या दोन्हींचा उच्चार एकच होतो, उत्सवमूर्तीला विसर पडणार नाही. स्वतःचा वाढदिवस असेल तर आदल्या संध्याकाळीच हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात आपलं आपण शिजवून खायच्या हॉटेलात, जा आणि वाढदिवस आहे हे कुणालाही सांगू नका, कोल्हापूरकर सांगतोच. मग दिवे लुकलुकणारा बोर्ड घेऊन पाचसहा पोरं येतात, स्पीकर लावतात, टाळ्या, गाणं, डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट, सगळं हॉटेल तुमच्याकडे बघतंय आणि तुमच्या चॉपस्टिकमधून मश्रूम निसटून रश्श्यात पडतंय. त्यानंतर लांबलचक नूडल येते, ती दीर्घायुष्याची, तोडायची नाही, दाताने सुद्धा नाही. म्हणजे श्वास न घेता गिळायची, दीर्घायुष्यासाठी. मग केक, वर क्रीम, कलिंगडाच्या फोडी आणि छोटे छोटे लाल टोमॅटो. कोशिंबिरीवर मेणबत्त्या लावल्यासारखं दिसतं पण फुंकर मारायची.

बिलाचं म्हणाल तर चिनी माणसं बिल भरण्यावरून अक्षरशः झोंबाझोंबी करतात, एखादा टॉयलेटला जातो म्हणून उठतो आणि गुपचूप पैसे भरून येतो. आपण असलं काही करत नाही. आपण टीटीएमएम करतो, आणि तमिळ मित्राने पनीर खाल्लं नव्हतं त्याचे सात युआन वजा करायचे की नाही यावर पुढचा अर्धा तास मेट्रोत छान जातो.

एवढं करून अकराला खोलीवर या आणि लगेच झोपू नका. इकडचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे इकडे वाढदिवस संपला तरी तिकडे तो चालूच असतो, आणि सुरू होतानाही तसंच, इकडे रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा कुठे तिकडे बारा. बाबांचं म्हणणं, तारीख बदलल्याशिवाय कसल्या शुभेच्छा, आणि माझ्या तारखेनुसार कर म्हटलं तर म्हणतात जन्म मिरजेत झालाय तुझा. तर अडीचला फोन. इथे व्हॉट्सअॅप व्हीपीएनशिवाय चालत नाही, वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी, म्हणजे मायलेकांनी नेमकं कशावर बोलायचं याचा दोन्ही सरकारांनी मिळून नीट विचार केलेला आहे. चौथ्या प्रयत्नाला व्हीपीएन लागतं. आता जागेच आहोत तर उरकून घेऊ म्हणून आई तबक घेऊन येते, मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून उभा करते, स्क्रीनला कुंकू लावते आणि निरांजन ओवाळायला लागते आणि दुसऱ्या फेरीला व्हिडिओ अडकतो. हात वर, तोंड अर्धं उघडं, निरांजनाची एक पांढरी रेघ. तुम्ही मुकुट घालून पलंगावर मांडी घालून बसलेले असता. हलायचं नाही, मध्येच सुरू झालं तर? दहा मिनिटं बघा. मग केकचा डबा उघडा, मित्रांनी क्रीम संपवलेलं असतं, टोमॅटो ठेवलेले असतात.