पू वरून नदी

काल संध्याकाळी एक सेवानिवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले, दोन बशा पोहे आणि वरून मूठभर शेव खाऊन माझ्या नऊ दिवसांच्या मुलीचं नाव ठेवून गेले. नाव चांगलं आहे. माझा सगळा राग तिथेच आहे.

थोरली रेवा, वय नऊ. मधली क्षिप्रा, वय सहा. रेवा म्हणजे नर्मदाच; तिच्या वेळी आम्ही नुकतेच ओंकारेश्वरला जाऊन आलो होतो, आणि क्षिप्राच्या वेळी सासूबाईंचं माहेर उज्जैनचं असल्यामुळे प्रश्नच आला नाही. शाळेनं तिला रजिस्टरात ‘शिप्रा’ करून ठेवलंय, दरवर्षी मी अर्ज देते, दरवर्षी बाई ‘एक ही बात है मैडम’ म्हणतात. रेवाच्या बारशाला एका लांबच्या आजोबांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, की मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं लिहिलंय. म्हणजे रोहिणी, तुळसा आणि गोदावरी तिघीही बाद. माझ्या दोन्ही आज्या आणि एक मावशी त्यात जातात, आणि तिघींचीही लग्नं व्हायची तशी झाली. असो.

तर तिसरीलाही नदीच हवी. दोघी बहिणी नद्या आणि हिचं नाव अन्वी, असं करून चालत नाही. मोठी झाल्यावर विचारेल, मलाच का कोरडं ठेवलं. शिवाय नाव दोन-अडीच अक्षरांचं हवं, शेवटी ‘आ’ हवा, म्हणजे तिघींना एका दमात हाक मारता येईल. एवढं जमवता आलं असतं, पण गुरुजींनी पत्रिका मांडली: हस्त नक्षत्र, पहिला चरण, अक्षर ‘पू’. सासूबाई तशा आधुनिक आहेत, पण अक्षराच्या बाबतीत नाहीत. ‘ण’ आला नाही हेच नशीब समज, म्हणाल्या. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला खरंच ‘ण’ येतो.

पूजा, पूनम, पुष्पा. यातली एकही वाहत नाही. नवऱ्यानं रात्री फोनवर ‘पू वरून नदी’ असं शोधलं, तर फोननं त्याला पुण्याला नेलं. तिथली मावशी तशीही तीन दिवस ‘नीरा ठेवा, नीरा’ म्हणत होती. आता नीरा नदी आहे हे मला मान्य आहे, पण पुण्यात नीरा म्हटलं की आधी ग्लास दिसतो.

आता काका.

काका आमच्या इंदूरच्या रामबागेतलेच, चार घरं सोडून राहणारे. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. कानात मशीन आहे, त्यामुळे स्वतः फार मोठ्यानं बोलतात, आणि आपल्याला नको असलेलं तेवढं नेमकं ऐकतात. मी आतल्या खोलीत, कानाला रुमाल बांधून, खाटेखाली शेगडी, मांडीवर बाळ. मध्ये फक्त पडदा. बाळंतिणीला बाहेर जाऊन कुणाला गप्प करता येत नाही, ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी त्रुटी आहे.

आल्या आल्या त्यांनी बर्फीचा तुकडा उचलला आणि म्हणाले, “बर्फी म्हणजे मुलगीच ना? हरकत नाही, हरकत नाही.”

दोनदा. एकदा आमच्यासाठी आणि बहुधा एकदा बाळासाठी.

मग नवऱ्यानं, म्हणजे ज्याला मी पडद्याआडून तीनदा खोकून इशारा दिला होता त्यानं, सांगून टाकलं, “नावाचंच अडलंय हो काका. नदीचं हवंय.”

खुर्ची करकरली. “नदी? अरे यार, मग नऊ दिवस मला विचारलं का नाही?”

पुढची चाळीस मिनिटं आमच्या बैठकीत जलसंपदेचा आढावा झाला. सुरुवात घरातल्या साठ्यापासून. “रेवा फर्स्ट क्लास. बारमाही. 1978 साली जलूदहून सत्तर किलोमीटर लांबून, घाट चढवून इंदूरला आणली. मी तेव्हा नवा नवा लागलो होतो. आजही लोक नळाला नळ नाही म्हणत, नर्मदा म्हणतात. म्हणतात की नाही?” म्हणतात. नर्मदा एक दिवसाआड येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातलं कुणी आंघोळीला बसलं की जाते. पण हे काकांना सांगायची पद्धत नाही.

“आता क्षिप्रा,” काका म्हणाले, आणि आवाज उतरला, डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन उतरवतात तसा. “नाव गोड आहे. पण पाणी कुठंय? 2014 मध्ये तिच्यात नर्मदा सोडावी लागली. सिंहस्थाला लोक आंघोळ करून आले ती कुणाच्या पाण्यानं? नर्मदेच्या! हिचं स्वतःचं असं काही राहिलंच नाही बिचारीचं.”

बिचारी तिथेच सतरंजीवर बसून मोराला निळा रंग देत होती. मिनिटाभरात पडदा बाजूला झाला. “आई, माझ्यात पाणी नाहीये?” मागून रेवा, “बघ, मी म्हटलं होतं ना, तू माझ्याच बाटलीतलं पितेस!” तेव्हापासून आमच्या घरात पाणीवाटपाचा तंटा सुरू आहे. आज सकाळी रेवानं बाटलीवर स्केचपेननं स्वतःचं नाव लिहिलंय आणि क्षिप्रा हट्टानं तहानलेली बसली आहे.

बाहेर काका एकेक नदी नापास करत होते. खान नको, शहराच्या मधून जाते आणि पुढे क्षिप्रेलाच घाण करते, बहिणी-बहिणीत वाईट दिसेल. चंबळ? उगम आपल्या महूजवळ जानापावलाच आहे, पण सोयरीक करायला येणारे रस्त्यातूनच परततील. गंभीर? लोकांचे फोन येतील, गंभीर आता कशी आहे, काही खाते का. तापीचं नाव निघालं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “ताप कशाला मुद्दाम घरात आणता?” आमच्या यांना सगळ्यावर हसू येत होतं. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच इतका मोकळा हसतोय, आणि तेही काकांबरोबर.

“आणि अक्षर ‘पू’ आलंय,” हे म्हणाले.

काकांचा चमचा थांबला. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. एवढ्या शांततेत त्यांच्या कानातलं मशीन बारीक शिटी वाजवतं, तेही ऐकू आलं.

“पूर्णा,” काका म्हणाले.

“बैतूल जिल्ह्यात उगम. सातपुड्यात. तिथून विदर्भात उतरते, आणि चांगदेवला तापीला मिळते. आपली एमपीची नदी, पण मराठी मुलखात नांदलेली. अजून काय पाहिजे?”

मी बाळाकडे बघितलं. मनातल्या मनात हाक मारून पाहिली: रेवा, क्षिप्रा, पूर्णा, हात धुऊन घ्या, पानं वाढली! बसलं. जिन्यावरून, गच्चीवरून, गणपतीच्या गर्दीत, कशीही मारा, बसत होतं. ‘पू’ होता, ‘आ’ होता, नदी तर होतीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी बाळंतपणावर ढकलते. आता बाहेर जाऊन या माणसाच्या पाया पडावं, असं मनात येतं न येतं तोच,

“आणि अर्थ बघा ना अर्थ! पूर्णा! झालं पूर्ण! टंकी फुल्ल, आता व्हॉल्व बंद!”

आणि मग ते हसले. सातपुड्यात उगम पावून चांगदेवपर्यंत जाईल असं हसले. त्यात हेही हसले. ‘ह्या ह्या’ असं, पाहुण्यासाठी हसतात तसं, पण हसले.

आता यात चिडण्यासारखं काय, असं रात्री मला विचारण्यात आलं. तर चिडण्यासारखं हे, की नऊ दिवसांत हे एकविसावं ‘झालं ते झालं’ होतं. वॉर्डातल्या बाई ‘कोई बात नहीं’ म्हणाल्या. शेजारणीनं ‘लक्ष्मी आली’ असं तोंड पाडून सांगितलं. एकीनं तर बाळाच्या कपाळावरून हात फिरवत ‘हिच्या पाठीवर भाऊ येईल हो’ असं मला आश्वासन दिलं, जणू मी तक्रार नोंदवली होती. सगळ्यांचं एकच गणित, की ही बाई मुलाच्या आशेनं तिसऱ्यांदा उभी राहिली आणि फसली. खरं कारण असं, की ही ठरवून झालेलीच नाही. पण ते कुणाला सांगायची सोय नाही, आणि सांगितलं तर तो आणखी वेगळाच विषय होतो.

2011 साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. ती बातमी वाचून तेव्हा मी फार हळहळले होते. किती मागास लोक, वगैरे. आमच्याकडे बघा, आम्ही शिकलेसवरलेले, आम्ही ‘नकोशी’ ठेवत नाही. आम्ही नदी शोधतो, गोड, संस्कृत, सातपुड्यातली, आणि मग व्हॉल्व बंद करतो.

रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज आला, “पण नाव छान आहे, नाही?” मी उत्तर दिलं नाही. छानच आहे, म्हणून दिलं नाही.

आज सकाळी काकांचा मेसेज. ‘पूर्णा पसंत नसल्यास पर्याय’ या मथळ्याखाली नर्मदेच्या उपनद्यांची यादी. एकंदर 41 असतात, त्यातल्या निवडक. शेर, हिरण, बंजर. त्याखाली ओळीनं शक्कर, दुधी, तवा. ही माझ्या मुलीची नावं आहेत की दुधी हलव्याची कृती? सगळ्या खऱ्या नद्या आहेत, त्यांच्या काठी माणसं राहतात, त्यांचा अपमान करायचा नाही मला. पण दूध यावं म्हणून दहा दिवस दोन्ही वेळा मला दुधीच वाढताहेत. यादीतही ती दिसल्यावर मी फोन उशीखाली सारला.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण नाव मागाहून घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर फी भरून थेट पंधरा वर्षांपर्यंत. सरकार पंधरा वर्षं थांबायला तयार आहे. आमच्या गल्लीला पंधरा मिनिटं निघत नाहीत.

दहाच्या सुमारास धापूबाई आल्या. त्या देवासकडच्या, मला आणि बाळाला तेल लावायला येतात. पाठ चोळता चोळता त्यांना सगळं सांगितलं, कारण त्या काळात माणूस पालथा असतो आणि पालथा माणूस खरं बोलतो. त्या नुसत्या हसल्या. “म्हारो नाम कई है?” माळवीतून विचारलं. धापू. इतके दिवस हाक मारतेय, कधी विचार केला नाही. धापणं म्हणजे पोट भरणं, पुरे होणं. “पाँचवीं थी मैं. बाप ने बोला, धाप गए.”

“मग?”

“मग काय. फिर छठी हुई.”

“तिचं नाव काय ठेवलं?”

धापूबाईंनी तेलाची वाटी शेगडीजवळ सरकवली. “नाम कौन रखता? सब थक गए थे. छोटी बोलते हैं. साठ की हो गई, अभी भी छोटी.”

मग बाळाला पायांवर घेऊन त्यांनी तिचे तळवे खसाखसा चोळले, आणि ती अशी काही रडली, की चार घरं पलीकडे मशीन न लावताही ऐकू गेलं असेल.

परवा बारसं. आत्या उद्या ग्वाल्हेरहून येतेय. तिनं आत्ताच फोन केला, “वहिनी, कानात काय सांगायचं ते तरी सांगा, मला ऐन वेळी सुचत नाही.” मी म्हटलं, ये तर आधी. काका बारशाला पहिल्या रांगेत बसणार आहेत, पोहे खाताना त्यांनी कबूल केलंय. आणि नाव ऐकल्याबरोबर उठून ‘मी सुचवलं, मी सुचवलं’ करत सगळ्या रामबागेला अर्थ सांगणार आहेत. तेव्हा आत्या आली की तिला आत बोलवून दार लावून घेणार आहे. एकच अट घालायची आहे. कुर्र म्हणताना ‘पू’ जरा हळू.