सेन्सॉरबरोबर पोलंडचं नाटकही गेलं?

समाजमाध्यमांवर एक विधान सारखं फिरत असतं: "कम्युनिस्ट सत्ता होती तोवर पोलंडच्या नाटकाला धार होती. १९८९ नंतर सेन्सॉर गेला, शत्रू गेला, अनुदानही गेलं. उरले ते पाश्चात्य फार्स आणि म्युझिकल."

धार होती, हे खरं. काझिमिएश देय्मेक यांनी वॉर्सॉच्या राष्ट्रीय रंगमंदिरात १९६७ मध्ये बसवलेलं एकोणिसाव्या शतकातला पोलिश कवी मित्स्क्येविच याचं 'ज्यादी' ३० जानेवारी १९६८ च्या प्रयोगानंतर बंद करण्यात आलं आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नाटकात राग झारवर होता, प्रेक्षक मात्र त्या जागी मॉस्को ऐकत होते. १९९० मध्ये सेन्सॉर कचेरी बंद झाली आणि आडून बोलण्याची ही कला एकदम बिनकामाची झाली. पुढची काही वर्षं नाट्यगृहं चाचपडत होती, हेही मान्य. पण सेन्सॉर असला की नाटक आपोआप धारदार होतं, हे महाराष्ट्रात कोणी पटवून दाखवावं. इथे संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडे जाते.

शत्रू गेला म्हणणाऱ्यांनी फक्त राजधानी पाहिलेली असते. नैऋत्य पोलंडमधली वाउब्झिख आणि लेग्नित्सा ही शहरं पाहा. वाउब्झिखच्या कोळसा खाणी १९९० च्या दशकात बंद पडल्या. लेग्नित्सात सोव्हिएत फौजांचं मुख्यालय होतं, त्या १९९३ पर्यंत देश सोडून गेल्या. १९९९ च्या प्रशासकीय फेररचनेत प्रांत ४९ चे १६ झाले आणि या दोन्ही शहरांचा प्रांत-राजधानीचा दर्जा गेला. काम गेलं, मान गेला, नाट्यगृह तेवढं राहिलं. दिग्दर्शक यात्सेक ग्वोम्बने २००० मध्ये लेग्नित्साच्याच एका बदनाम वस्तीची गोष्ट 'बालादा ओ झाकाचाव्यू' मध्ये मांडली, तीही जुन्या सिनेमागृहात. २००४ मध्ये 'मेड इन पोलंड' तिथल्या वसाहतीतल्या जुन्या दुकानाच्या इमारतीत झालं. दिग्दर्शक यान क्लाताने २००३ मध्ये वाउब्झिखला गोगोलचा 'इन्स्पेक्टर' कम्युनिस्ट नेता गिएरेकच्या सत्तरच्या दशकात नेऊन बसवला.

म्हणजे नुसतं नाटकाचं नाव वाचून काही कळत नाही. जाहिरातीत 'हॅम्लेट' दिसला की कोणीही "अभिजात, सुरक्षित" म्हणेल. पण क्लाताने २००४ मध्ये तो 'एच.' या नावाने ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात केला, जिथे १९८० मध्ये सॉलिडॅरिटी ही कम्युनिस्ट सत्तेला आव्हान देणारी कामगार संघटना जन्मली. बापाचं भूत तिथे पांढऱ्या घोड्यावर, जुन्या पोलिश घोडेस्वाराच्या वेषात येतं.

पाश्चात्य नाटकं आली, पण कोणती? दिग्दर्शक क्षिश्तॉफ वार्लिकोव्स्कीने २००१ मध्ये ब्रिटिश नाटककार सारा केनचं 'क्लीन्स्ड' हे हिंसक, अस्वस्थ करणारं नाटक केलं. गल्ला भरायला कोणी हे निवडत नाही. आणि त्या काळातलं गाजलेलं म्युझिकल 'मेट्रो' (१९९१) तर पोलिशच होतं. १९९२ मध्ये ते ब्रॉडवेला गेलं आणि १३ प्रयोगांत आटोपलं.

अनुदानाचा मुद्दा तर साफ चूक. बहुतेक नाट्यगृहं शहर किंवा प्रांताच्या स्थानिक सरकारकडे गेली. इमारत, पगारी नटसंच आणि अनुदान राहिलं. आपल्याकडे निर्माता तारखा मिळवून एक नाटक गावोगाव फिरवतो. तिथे एकाच इमारतीत महिनाभर अनेक नाटकं आलटून पालटून होतात. मालक बदलला की दबावाची दिशाही बदलते: २०१५ मध्ये व्रोत्स्वाफच्या एका नाटकाचा प्रयोग थांबवावा म्हणून संस्कृतिमंत्र्यांनी प्रांताला पत्र लिहिलं होतं.

तिथल्या एखाद्या नाट्यगृहाचा महिन्याचा कार्यक्रम हाती आला तर आधी वेळ पाहावी. सकाळचं अभिजात नाटक बहुधा शाळांच्या बुकिंगवर चालतं, कारण ते अभ्यासक्रमात असतं. त्यावरून समाजाची आवड मोजली की गणित चुकतं. ३१ डिसेंबरला विनोदी नाटक, कधी दोन प्रयोग, तिकीट महाग. फार्सचा पुरावा म्हणून नेमकी हीच तारीख दाखवली जाते. मग पाहावं ते लहान रंगमंचाकडे: नवी संहिता बहुधा तिथेच लागते. ती पुढच्या हंगामातही टिकली, तर प्रेक्षकांनी ती उचलली असं समजायला हरकत नाही.