उधारीची वही, मार्च २०२० पासून

माळ्यावरची रिकामी पोती खाली काढताना परवा एक वही हाताला लागली. लांबट, लाल कापडी पाठीची, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात 'मार्च २०२० पासून'. दुकानदाराकडे असल्या वह्यांना तोटा नसतो, हिशेब मिटला की रद्दीत जातात. ही कशी राहिली कोण जाणे. बायको म्हणाली, "उंदरांनी सोडली हेच नवल." उभ्या उभ्या चाळायला घेतली आणि जेवायचं राहून गेलं.

दर वर्षी मार्च आला की फेसबुकावर लॉकडाऊनच्या त्या दिवसांच्या आठवणींची वेगळीच साथ येते. डालगोना कॉफी, घरी केलेली पाणीपुरी, दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण, गच्चीवरचे पत्ते, आणि 'हवा किती स्वच्छ झाली होती' हे तर असतंच. खोटं आहे असं म्हणत नाही. ज्याला जे मिळालं त्यानं ते लिहावं. पण मी खटाव तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान चालवतो आणि माझ्या वहीत त्यातलं काही म्हणजे काही नाही. वहीत आहे 'तेल पाव, साखर पाव, चापत्ती ५ ची, मीठ १'. खाली रेघ. दोन दिवसांनी परत तेच, फक्त साखर गेलेली.

२५ मार्चला पाडवा होता. मी आठ दिवस आधीच वडूजहून साखरेच्या गाठी आणून दुकानाच्या पुढच्या तारेवर टांगल्या होत्या, पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या. २२ तारखेच्या रविवारी पाच वाजता गावानं थाळ्या बडवल्या, आमच्या गल्लीत एकानं तर ट्रॅक्टरचा हॉर्नही सोडला नाही. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी. आणि २४ ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. एकवीस दिवस. साडेआठला माझ्या दुकानापुढं जत्रा. किराणा चालू राहणार आहे हे सांगेपर्यंत माझा घसा बसला, पण ऐकायला कोण थांबतंय.

त्या रात्री कोण कोण आलं ते वहीवरून कळत नाही, कारण ते सगळे रोखीचे गिऱ्हाईक. पंधरा किलोचा तेलाचा डबा, साखरेचं अर्धं पोतं, रवा, पोहे, शेंगदाणे. एकानं मेणबत्त्यांचे वीस पुडे नेले, का ते त्यालाच माहीत. दहा वाजता शेल्फं मोकळी आणि गल्ला भरलेला. आणि ज्यांच्या घरात दुसऱ्या दिवशीचं पीठ नव्हतं, त्यांच्यापैकी त्या रात्री एकजणही आला नाही. ते आले सकाळी, नेहमीसारखे, पाव किलो न्यायला.

पुढं टीव्हीवर रोज ओरडा सुरू झाला, लोकांना कळत नाही का, रोज कशाला बाहेर पडतात, आठवड्याचं एकदम भरून ठेवत का नाहीत. माझं डोकं फिरायचं. अरे बाबा, भरून ठेवायला आधी पैसा लागतो, मग डबा लागतो, मग तो डबा ठेवायला जागा लागते. रोजानं मिळवणारा माणूस रोजच खरेदी करतो. पाच रुपयाची चापत्तीची पुडी काढणाऱ्या कंपनीला हे कधीच कळलेलं आहे, स्टुडिओत बसणाऱ्याला कळलं नाही.

दुकानापुढं मी फक्कीनं गोल आखले, दोन दोन हात अंतरावर. पहिले दोन दिवस माणसं गोलात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ऊन वाढलं तशा गोलात चपला उभ्या आणि माणसं पिंपळाखाली एकमेकांना चिकटून बसलेली. पोलिसांची गाडी आली की ज्याची त्याची धावाधाव, मग एका गोलात दोघंजण आणि पायात कुणाच्या तरी तिसऱ्याच चपला. घरी वेगळी तऱ्हा. बायको नोटा डेटॉलच्या पाण्यात बुडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची आणि संध्याकाळी इस्त्री करायची. शंभराची एक नोट इस्त्रीला चिकटून फाटली तेव्हा हा प्रकार थांबला. चिल्लर मात्र जूनपर्यंत धूत होतो.

आणि ती कोऱ्या चहाची रात्र. कुठल्याशा गावात नुकतं जन्मलेलं पोर बोललं म्हणे, कोरा चहा प्या म्हणजे रोग येणार नाही, एवढं बोलून ते गेलं. कुठलं गाव, कुणाचं पोर, कुणाला पत्ता नाही, पण रात्री एकच्या सुमाराला फोनावर फोन लागले आणि माझं शटर वाजायला लागलं. चापत्ती द्या. गुळाची ढेप फोडा. मी चिडलो होतो, तरी चापत्ती दिली, आणि खरं सांगतो, घरात जाऊन आम्हीही कपभर घेतला. आज हसू येतं. पण फेब्रुवारीत 'कोंबडीनं कोरोना होतो' ही थाप शिकल्यासवरलेल्यांनीच फोनवरून पसरवली होती ना? आमच्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्ड्यात पुरले. आणि थोड्या दिवसांनी त्याच कोंबडीसाठी रांगा. अडाणी कोण, हे तुम्हीच ठरवा.

आमचे आण्णा तेव्हा दुकानात येऊन बसायचे. बसू नका म्हटलं तरी, तोंडाला उपरणं गुंडाळून कोपऱ्यातल्या पोत्यावर. आमचा मुलूख दुष्काळी, त्यामुळं कुठलंही संकट आलं की आण्णा ते बहात्तरच्या मापानं मोजतात. बहात्तरला त्यांनी खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी दळून तिच्या भाकरी थापता येत नाहीत म्हणून आजी रडलेली पाहिलेली. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा वहीकडं बघत ते म्हणाले, "बहात्तरला दाणा नव्हता, पर काम हुतं. आता दाणा हाय, काम न्हाई. ह्ये वंगाळ." दुष्काळात सरकारनं कामं काढली, माणूस घाम गाळून का होईना चार पैसे हातात घेऊन यायचा. या खेपेला कामावर जाणं हाच गुन्हा होता.

दाणा होता, हे खरंच. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट आला आणि त्यानं जीव वाचले, यात शंका नाही. उज्ज्वलाची टाकी आली. जनधनच्या खात्यात बायकांना महिन्याला पाचशे आले. ते काढले नाहीत तर परत जातील अशी आवई उठली, म्हणून त्या बँकेसमोर उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या. पण आमच्याकडं खाणं भाकरीचं. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो तांदूळ, आणि त्यावर घालायला कालवण काय? मिरची, तेल, मीठ, डाळ, अंगाचा साबण हे कुठल्या योजनेत बसत नाही. ते बसतं उधारीच्या वहीत. म्हणून वहीत तांदूळ जवळजवळ नाहीच, तेल आणि तिखट पानोपानी आहे.

नावं सांगत नाही, धंदे सांगतो. वडापवाला. त्याची जीप दारात उभी आणि हप्ता चालू. बँडपार्टीतला क्लॅरोनेट वाजवणारा, ज्याचं वर्षाचं पोट एप्रिल-मेच्या लग्नांवर. मंडपवाला, आचारी, यात्रेत पाळणा लावणारा. चैत्रातली आमची यात्राच झाली नाही, नुसता पुजारी आणि दोघं जाऊन देवाला नैवेद्य दाखवून आले. आणि न्हावी. तो स्वतः कधी आला नाही, सहावी-सातवीतल्या पोरीला चिठ्ठी देऊन पाठवायचा. चिठ्ठी पाठकोऱ्या कागदावर, अक्षर पोरीचं. एकदा यादीत 'बिस्किट पुडा' लिहून खोडलेला. मी पुडा टाकला तर दुसऱ्या दिवशी पोरगी तो परत घेऊन आली, बाबांनी सांगितलंय म्हणून. त्याचं खातं मिटलं की नाही हे शोधायला शेवटपर्यंत पानं उलटली. मिटलंय. दिवाळीत, एकरकमी.

सगळ्यांचं मिटलं का? नाही. पण बुडालेली रक्कम मी बसून काढली, ती माझ्या अंदाजाच्या अर्धीही नाही. उलट ज्यांनी २४ तारखेला रोखीनं डबे नेले, त्यांच्यातल्या दोघांनी मे महिन्यात शिल्लक साखर परत घेता का म्हणून विचारलं.

मी काही संत नव्हतो. तंबाखू बंद होती, पुड्या मागच्या दारानं यायच्या आणि दहाची तीसला जायची. मीही विकली. माणसं हात जोडून मागायची आणि मी भाव सांगायचो.

गावबंदीही केली. वेशीवर बाभळीच्या फांद्या, एक मोडकी ट्रॉली आडवी, आणि 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' असा फळा. आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईच्या माथाडी कामावर उभी राहिली. वाशीच्या मार्केटात ओझी वाहून गावात स्लॅब पडले. देवळाच्या सभामंडपाची देणगीदारांची पाटी वाचा, वरची सगळी नावं मुंबईकरांची. तीच माणसं पोराबाळांना घेऊन वेशीवर आली तेव्हा फांद्यांच्या अलीकडं काठी घेऊन मीही उभा होतो. भीती खरी होती, आमच्याकडं म्हातारी माणसं जास्त. पण त्यांना झेडपीच्या शाळेत चौदा दिवस ठेवताना आम्ही जी तोंडं केली ती भीतीची नव्हती. डाव्या हातावरचा शिक्का बघून चुलतभाऊ चुलतभावापासून दहा हात लांब उभा राहिला, ते ठीक. पण शाळेतल्या नळाला पाणी नाही हे कळूनही दोन दिवस कुणी टँकर नेला नाही, हे ठीक नव्हतं. ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून पायी निघालेली माणसं. टीव्हीवर रुळांत विखुरलेल्या चपात्या दाखवल्या तेव्हा आमच्या मातोश्रींनी न बोलता पिठाचा डबा काढला आणि शाळेवर भाकरी द्यायला सुरुवात केली. मग गल्लीनं वार लावून घेतले.

इथवर वहीत सापडतं. शाळेवर गेलेलं सामानही लिहिलेलं आहे, पुढं 'मुंबईकर मंडळ' असं नाव टाकून, आणि त्यांनी ते सगळं फेडलं.

जे वहीत नाही ते सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली. ओढ्याच्या पलीकडं बीडकडची ऊसतोडीची एक टोळी होती. दहा-बारा कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, आणि बैलगाड्या. ऊस संपत आला होता, म्हणजे मजुरी बंद, बैलांना वाढं बंद, आणि जिल्ह्याच्या सीमा बंद म्हणून घरीही जाता येत नाही. मार्चच्या शेवटी त्यांचा मुकादम दुकानात आला. गोलात नीट उभा राहिला, आमच्या गावातले लोक राहत नव्हते तसा. बाजरी, तेल, मीठ, मिरची एवढं मागितलं आणि म्हणाला, "शेठ, हिशेब झाला की देतो. नंबर लिहून घ्या." मी वही उघडलीसुद्धा होती. मग वाटलं, ही माणसं उद्या गाडी मिळाली की जातील, मी कुठं शोधत फिरू? "रोखीनंच आहे सध्या," म्हणालो. त्याच्या मागं न्हाव्याची पोरगी चिठ्ठी घेऊन उभी होती. तिला रोखीचं विचारलं नाही.

मुकादम काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कोपीवरची एक बाई आली, लुगड्याच्या गाठीतून दहाच्या नोटा आणि चिल्लर काढली, फळीवर ठेवून मागं सरकली, म्हणजे मला हात लागू नये. मीठ आणि तेल घेतलं. मिरचीला पैसे पुरले नाहीत तर पुडी आपणहून परत ठेवली.

एप्रिलच्या मध्यावर सरकारनं ऊसतोड कामगारांना गावी जायची परवानगी दिली. तपासणी झाली, ट्रक आले, टोळी गेली. पाडव्याच्या गाठी तोवर माझ्याकडं तशाच तारेवर लटकत होत्या, मुंग्या लागायला लागल्या होत्या. आण्णांनी त्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि ट्रक हलायच्या आधी ओढ्यावर जाऊन पोरांना वाटून आले. मला विचारलं नाही, आणि आल्यावर काही बोललेही नाहीत.

मार्चच्या त्या दिवसाचं पान मी परवा दोनदा पाहिलं. सात नावं आहेत. न्हाव्याचं चौथं.