खटक्यावर बोट ठेवायला खटका कुठाय?

"म्हंजे काच पुसायला आता आधी मोबाईल चालवायला शिकायचं म्हणता?" बापूनं विचारलं, आणि तिथनं पुढं रात्री साडेदहापर्यंत कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या अलीकडच्या आमच्या कट्ट्यावरनं कोण उठलं नाही.

विषय सरकारांचा. सरकार म्हणजे करवीर तालुक्यातला आमचा ऊसवाला दोस्त; सात-बाऱ्यावर नाव काही का असेना, कट्ट्यावर सरकारच. गेल्या दिवाळीत त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. कंपनीचं नाव कुठं काढायचं नाही असा मला दम आहे, त्यामुळं 'ती गाडी' एवढ्यावर भागवा.

परवा वैभववाडीकडनं करूळ घाट चढताना बाहेर धुकं, वरनं पावसाची झड, आणि काच आतनं धुरकटली. माझ्या जुन्या गाडीत एक गोल खटका काचेच्या चित्रावर न्यायचा, दुसरा फिरवून पंखा वाढवायचा, झालं. त्या गाडीत डॅशबोर्डवर नुसती आडवी स्क्रीन. हवा काचेवर सोडायची तर तीन ठिकाणी बोट लावायचं. त्यात सरकारांनी वाटेत भाजलेलं कणीस घेतलेलं, लिंबू-तिखट चोळून. बोटं ओली. टचस्क्रीन बोटातली विजेची चाहूल घेत असते. पाण्याचा थेंब तिला दुसरं बोट वाटतो. त्यामुळं आधी काहीच झालं नाही, मग गाणं लागलं, मग गाण्याचा आवाज वाढला.

"शेवटी मी गाडीलाच ओरडून सांगितलं," सरकार म्हणाले. "काच! काच पूस!"

"मग?"

"गाडी म्हणाली, कॉलिंग काकी."

कट्ट्यावर चहा सांडला. काकीनं फोन उचललाही होता. कुठं हाईस विचारलं. सरकार म्हणाले, काकी, समोरचं कायबी दिसंना झालंय. काकी म्हणाली, पिऊन गाडी चालवायलाईस व्हय रे?

फक्त टॉर्क हसला नाही. गाडीच्या विषयात टॉर्क कधीच हसत नाही. त्याचं खरं नाव आता मतदारयादीतच सापडेल. गावातल्या प्रत्येक शोरूमला त्यानं टेस्ट ड्राइव्ह घेतलीय, प्रत्येक गाडीचं माहितीपत्रक त्याच्या घरात शोकेसला आहे, आणि स्वतः फिरतो वहिनींच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. २०२५च्या जुलैत मुंबईत बीकेसीत टेस्लाचं दालन उघडलं, तर हा महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन ६० लाखाच्या मॉडेल वायमध्ये बसून आला. एक आठवडा कुणाशी नीट बोलला नाही.

"युजर एरर," टॉर्क म्हणाला. "भावा, स्टीअरिंगवर शॉर्टकट सेट करायचा असतो. मॅन्युअलमध्ये दिलंय. आणि हे मिनिमलिझम आहे. आता जगात सगळीकडं हेच चाललंय."

'जगात सगळीकडं' म्हटल्यावर मला राहवेना. म्हटलं, बाबा, जगाचं उलटं चाललंय. गाड्या आपटून स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनं सांगितलंय की २०२६ पासून इंडिकेटर, चारी इंडिकेटर एकदम लावायचा स्विच, वायपर, हॉर्न आणि संकटातला एसओएस, एवढ्यांना तरी हाताला लागणारी दांडी नाहीतर बटण पाहिजे. नसलं तर गुण कापणार, पाच स्टार मिळणं अवघड.

"काचेवरची वाफ?" सरकारांनी आशेनं विचारलं.

"ती त्या यादीत नाही."

"मग मला काय उपयोग?"

"आपण काय युरोपात राहतोय?" टॉर्क म्हणाला. "आपल्याकडं भारत एनकॅप आहे."

"हे बरंय," बापू म्हणाला. "कालपर्यंत युरोपात हाय म्हणून भारी. आज युरोप बटण मागाय लागला तर युरोप लांब!"

बापूचं सांगायला पाहिजे. उद्यमनगरात त्याची शेड आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. फाउंड्रीतनं आलेली कास्टिंगं (त्याच्या भाषेत 'जॉब') तो मशीनिंग करून देतो. शाळा नववीत सुटली, पण कुठलीही वस्तू हातात दिली की आधी ती उलटी करून बघतो. चर्चेत त्याच्यासमोर टॉर्क बसला की मला टॉर्कची दया येते. पण इतकीही येत नाही की मी थांबवीन.

मी स्वीडनची गोष्ट काढली. तिथल्या गाड्यांच्या एका मासिकानं २०२२ मध्ये एक साधी चाचणी घेतली. ताशी ११०नं गाडी चालवत चार कामं करायची: सीट गरम करून आतलं तापमान वाढवायचं, रेडिओ ठरावीक स्टेशनवर लावायचा, मीटर शून्यावर आणायचं, डॅशबोर्डचे दिवे मंद करायचे. बटणांची २००५ सालची जुनी व्हॉल्वो १० सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. स्क्रीनवाल्या गाड्यांत जी सगळ्यात मागं राहिली तिला ४४.९ सेकंद लागले. गाडी तोवर १,३७२ मीटर पुढं.

नानांनी बोटं मोजून हिशेब केला. "म्हंजे बिंदू चौकात सीट गरम कराय घेतली तर…"

"आपल्याकडं सीट गरमच असती, नाना," बापू म्हणाला.

टॉर्कनं टेस्ट मान्य केली नाही. त्या लोकांना सवय नव्हती म्हणे. आणि बटणं म्हणजे म्हाताऱ्या लोकांचं काम. स्क्रीन असली की गाडी रात्रीत घरबसल्या अपडेट होते, बटण अपडेट करून दाखवा. हा मुद्दा बरा होता, हे मी लिहून ठेवतो, कारण त्या रात्रीतला त्याचा तो एकच होता. सरकारांनीही मान हलवली, त्यांच्या गाडीत तसं एकदा झालंय.

"मग सकाळी उठून ड्रायव्हर कोण अपडेट करतंय?" बापू म्हणाला. "माझ्या सीएनसीला बी स्क्रीन हाय. प्रोग्रॅम तिच्यावर, ऑफसेट तिच्यावर, मी कुठं नको म्हणतो? पण इमर्जन्सीचं बटण? तांबडं, एवढं मोठं, भूछत्रागत बाहेर आलेलं. जॉब निसटला की बघायचं बी न्हाई, तळवा हाणायचा. फीड कमीजास्त करायचा नॉब बी हाताखालीच. का? कारण डोळं जॉबवर असत्यात."

"ती मशीन आहे बापू. ही कार आहे."

"व्हय की. मशीन जाग्यावर बोल्ट मारून उभी असती, तरी तिला बटण. तुझी कार शंभरनं पळती, आणि तिला न्हाई."

इथं दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. पलीकडच्या गाड्यावर भेळवाला कांदा कापत होता तेवढाच आवाज.

मग बापू थांबेल असं वाटलं, पण तो आता रंगात आला होता. "आन् तुला वाटतंय, कंपनीनं बटणं सुंदर दिसावं म्हणून काढली? एक बटण म्हंजे डाय आली, स्प्रिंग आली, वायर आली, कनेक्टर आला, परत लाखदा दाबून टिकतंय का बघणं आलं. तीस बटणं म्हंजे हे तीसदा. स्क्रीन एकदाच. रिव्हर्सच्या कॅमेऱ्याला ती बसवायचीच असती, मग कोंबा सगळं तिच्यातच. त्यांनी खर्च वाचवला, तुला त्यो प्रीमियम म्हणून इकला, आन् वर तूच टाळ्या वाजवायलाईस."

मी टाळी दिली. बापूला. म्हटलं, २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझाइनच्या मुख्यानंच चूक कबूल केलीय. आवाज, हीटर, पंखा, चारी इंडिकेटर, यांची खरी बटणं आता त्यांच्या प्रत्येक गाडीत परत येणार म्हणाला.

"पंखा म्हंजे काच आलीच की!" सरकारांना पहिल्यांदा बरं वाटलं.

"टेस्लाला जाऊन सांगा हे," टॉर्क पुटपुटला. "तिथं गिअरपण स्क्रीनवर आहे. वर बोट ओढलं पुढं, खाली ओढलं मागं. ग्लोव्ह बॉक्ससुद्धा स्क्रीनवरनं उघडतो."

"कप्पा उघडायला?" नाना उठून बसले. नाना पंचवीस वर्षं राधानगरी रोडला वडाप चालवत होते. चौदा माणसं आत, दोन मागं लोंबकळत, हे त्यांचं मिनिमलिझम. "आरं, आमच्या जीपला डिपर पायात हुता. समोरनं गाडी आली की डाव्या पायानं दाबायचा. हातात गेर, पायात डिपर, तोंडात शिव्या. डोळं मोकळं."

हे वाक्य मी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. टॉर्कनं विचारलं काय लिहितोस. म्हटलं, स्पेसिफिकेशन.

हरत चाललेला टॉर्क नेहमी विषय बदलतो, तसा त्यानं बदलला. "ते जाऊ दे. सरकार, तुमचाच मुद्दा आहे. ऊस तुमचा, इथेनॉल तुमच्या उसाचं, ते आमच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के ओतलं. आमच्या दादांच्या जुन्या गाडीचं मायलेज पडलं. आणि तुम्ही स्वतः लाईटवर पळताय? हा कसला न्याय?"

यावर मात्र सगळा कट्टा सरकारांवर उलटला, बापूसकट. खरंच की. आख्खा पंचगंगेचा काठ पेट्रोलमध्ये ऊस घालायला निघालाय आणि उसाचा धनी गाडीला वायर लावून बसलाय.

सरकार शांत. "लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलात पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ताकद कमी. वीस टक्क्याला कागदावर सहा-सात टक्के जातात. मला ठाऊक हाय, म्हणून तर मी लाईटवाली घेतली!"

"आणि आम्ही?"

"तुम्ही शेतकऱ्याला मदत करा. सहा टक्क्याला रडताय काय? ऊस घातल्यावर चौदा दिवसांत बिल मिळालं पाहिजे असा कायदा हाय १९६६ पासनं. आमच्या त्या मायलेजचं मीटर दाखवू काय?"

"ते असू दे," बापू म्हणाला, "गाडी चार्ज कुठं करताय सरकार? शेतातल्या मोटारीच्या लाईटवर न्हाई न्हवं?"

सरकारांनी पाच चहा सांगितले. शेतीपंपाचा विषय तिथंच संपला.

एवढ्यात टॉर्कचा फोन वाजला, आणि त्यानं तो अशा बेतानं काढला की सगळ्यांना पाठ दिसावी. दसऱ्याला घेतलेला आयफोन सतरा प्रो, केशरी रंगाचा, १,३४,९००चा. हप्ते अजून सुरू आहेत. पाठीमागं कॅमेऱ्याचा एवढा मोठा उंचवटा की नानांनी त्याला मसाई पठार असं नाव ठेवलंय. (ॲपलही त्याला पठारच म्हणते, हे नानांना सांगितल्यावर ते आठवडाभर छाती काढून फिरत होते.) फोन वहिनींचा होता. स्कूटर घेऊन ये, क्लासवरनं पोरीला आणायची आहे.

"ह्या फोनच्या बाजूला बटणं किती?" बापूनं बारीक आवाजात विचारलं.

टॉर्कनं फोन खिशात घालायचा प्रयत्न केला, पण बापूनं तोवर मोजली होती. चालू-बंदचं, आवाजाची दोन, एक ॲक्शनचं, आणि एक फोटो काढायला. "सवा लाखाच्या मोबाईलला पाच खटकं ठेवल्यात. का? तर खिशात हात घालून न बघता आवाज कमी करता यावा. मोबाईलवाल्याला कळलं. गाडीवाल्याला कळंना."

टॉर्ककडं आता एकच हत्यार उरलं होतं आणि त्यानं ते काढलं. "तू आधी पेनल्टी मार."

आमच्याकडं पेठेचा फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. २००८ साली शाहू स्टेडियमवर, शेवटच्या मिनिटाला, बापूनं मारलेली पेनल्टी बारच्या इतकी वरनं गेली की बॉल अजून सापडायचाय असं पलीकडच्या पेठेतले सांगतात. बापूचं म्हणणं, चिखल होता. टॉर्क त्या मॅचला राखीव खेळाडू होता आणि त्याला शेवटपर्यंत आत घेतलं नाही, हे खरं दुखणं. अठरा वर्षांत कुठलाही वाद असो, पगार, लग्न, कुणाचं मटण भारी, शेवट तिथंच येतो. आता पुढची वीस मिनिटं चिखल किती होता यावर गेली, ती मी इथं देत नाही.

उठताना बापूनं आपली आरएक्स १०० बाहेर काढली. १९९४चं मॉडेल, रंग मूळचा. टॉर्ककडं बघत त्यानं पहिल्याच किकला ती पेटवली आणि गल्ली दणाणून सोडली. "ऐकलास? ना पासवर्ड, ना अपडेट! खटक्यावर बोट…"

"जाग्यावर पलटी!" आम्ही सगळे ओरडलो. बापूनं आणखी दोन-तीन मिनिटं, केवळ टॉर्कसाठी, ॲक्सिलेटर पिळत ठेवला.

आणि गाडी फुर्रर करून बंद पडली.

एक किक. दोन. पाचव्या किकेपासनं कट्टा मोजायला लागला. आठव्याला भेळवालाही सामील झाला. "वरनं गेली! वरनं गेली!" टॉर्क स्कूटरवर बसल्या बसल्या ओरडत होता. अकराव्याला बापूनं शर्टाची बटणं सोडली. शेवटी नाना गाडीपाशी आले, दुसरीकडंच बघत टाकीखाली हात घातला आणि पेट्रोलचा बंद ठेवलेला कॉक फिरवला.

टॉर्क त्या रात्री पहिल्यांदा हसला. "बापू! युजर एरर!"

"मॅन्युअलमध्ये दिलंय," मी म्हटलं. माझाही इलाज नव्हता.

बापूनं आईबापांवरनं काहीतरी म्हटलं, पण ते किकच्या आवाजात गेलं. सरकार कट्ट्यावर आडवे होऊन हसत होते आणि हसता हसता खिशातनं मोबाईल काढत होते.

"थांबा, थांबा. काकीला लावतो."