पगारकपात मागणाऱ्या विमान कंपनीने आधी आपला सातबारा दाखवावा

विमान कंपनीचे व्यवस्थापन कामगार संघटनेपुढे पगार आणि सवलतींच्या कपातीचा प्रस्ताव ठेवते, तेव्हा आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. कंपनीच बुडाली तर नोकरी कुठली राहणार, तेव्हा मुकाट्याने सही करा, असे काही जण म्हणतात; तर एक रुपयाही सोडायचा नाही, असे इतर जण ठणकावून सांगतात. वाळूजच्या एका कारखान्यात युनियनचा पदाधिकारी म्हणून मी वेतन करारांच्या वाटाघाटींना अनेक वर्षे बसलो आहे आणि मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कामगाराने सोडलेला पगार हे त्याने कंपनीला दिलेले कर्ज असते. कर्ज देताना जे जे कागदावर यावे लागते ते सगळे आल्याशिवाय कोणत्याही युनियनने कपातीच्या करारावर सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

लिहिण्याचे निमित्त घरातलेच आहे. माझा पुतण्या मुंबईला एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफमध्ये आहे. बोलणी चालू असल्यामुळे कंपनीचे नाव घेत नाही. व्यवस्थापनाने त्यांच्या युनियनला दिलेले पत्र त्याने मला वाचायला पाठवले. महागाई भत्ता गोठवायचा, रात्रपाळीचा भत्ता निम्मा करायचा, शिल्लक रजेचे पैसे देणे थांबवायचे, मेडिक्लेममधून आई-वडिलांची नावे काढायची आणि रात्री उशिरा पाळी सुटल्यावर घरी सोडणारी गाडी बंद करायची, अशा मागण्या त्यात आहेत. हे सर्व 'पुढील आदेशापर्यंत'. कंपनीची स्थिती सुधारल्यावर यातले काय, कधी आणि कसे परत मिळेल, याबद्दल त्या चार पानांत एक ओळही नाही.

ही कलमे कागदावर किरकोळ दिसतात, म्हणून त्यातली दोन नीट उलगडून सांगतो. पुतण्या बदलापूरला राहतो. रात्री दोनला पाळी सुटली तर पहाटेची पहिली लोकल मिळेपर्यंत त्याला विमानतळावर किंवा फलाटावर बसून राहावे लागेल आणि घरी पोहोचेपर्यंत उजाडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळी. माझे थोरले बंधू आणि वहिनी गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. बंधूंची अँजिओप्लास्टी छत्रपती संभाजीनगरला झाली ती याच मेडिक्लेमवर. आता त्यांचे नाव काढले तर त्या वयात, हृदयविकाराची नोंद असताना, नवी पॉलिसी मिळणे अवघड, आणि मिळाली तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावण्याची मुभा विमा कंपनीला आहे. व्यवस्थापनाच्या तक्त्यात ही दरडोई थोडीशी बचत असेल. आमच्या घरात तो बंधूंच्या पुढच्या उपचाराचा प्रश्न आहे.

पत्रात असेही म्हटले आहे की मूळ वेतनाला हात लावलेला नाही, फक्त महागाई भत्ता गोठवला आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब मुख्यतः शेवटच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर होतो: ती रक्कम गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षे. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाचा महागाई भत्ता निवृत्तीच्या वेळी हजार रुपयांनी कमी असेल, तर त्याची ग्रॅच्युइटी सुमारे १४ हजार ४०० रुपयांनी घटते. त्याशिवाय दरमहा मालकाच्या पीएफ वर्गणीतले १२० रुपये जातात आणि त्यावरचे पुढच्या सगळ्या वर्षांचे व्याजही जाते. कपात उद्या मागे घेतली, तरी मधल्या काळात निवृत्त झालेल्याच्या हाती ती रक्कम पुन्हा येत नाही. म्हणून मूळ वेतन, महागाई भत्ता, पीएफ आणि ग्रॅच्युइटी यांना कोणत्याही परिस्थितीत धक्का लागू देऊ नये. युनियनला काही सोडावेच लागले, तर ते इतर भत्त्यांतून आणि ठरलेल्या मुदतीपुरतेच सोडावे.

मराठवाड्यातला शेतकरी पीककर्जासाठी बँकेत गेला की त्याला सातबारा, आठ-अ आणि इतर बँकांची बेबाकी प्रमाणपत्रे दाखवावी लागतात. कर्ज कशाला, फेड कधी, हे सांगावे लागते. तेवढे झाल्याशिवाय त्याच्या खात्यात रुपया जमा होत नाही. मग हजारो कामगारांकडून कोट्यवधी रुपये मागणाऱ्या कंपनीने आपला सातबारा युनियनपुढे का ठेवू नये? विमानांच्या भाड्यापोटी किती देणे आहे, बँकांचे किती, तेल कंपन्यांचे किती, प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांकडे किती पैसा वळला आणि वरच्या अधिकाऱ्यांचे वेतन गेल्या तीन वर्षांत किती वाढले, एवढे तरी आकडे हवेत. आणि ते व्यवस्थापनाने तयार केलेल्या स्लाइडवर नकोत, युनियनने नेमलेल्या चार्टर्ड अकाउंटंटला मूळ कागद तपासू द्यावेत.

विमान व्यवसायात तोटा खोटाच असतो, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे या धंद्याच्या खर्चात सर्वात मोठा वाटा इंधनाचा असतो, विमाने बहुतेक भाड्याची असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते, त्यामुळे रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता खर्च वाढतो. करोनाकाळात २५ मार्च ते २४ मे २०२० असे दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद होती. त्या काळात कोणतीही कंपनी आहे तसे पगार देऊ शकली नसती, हे मान्यच करायला हवे. पण इंधन आणि डॉलर यांतून आलेला तोटा कामगारांच्या पगारातून भरून निघत नसतो. विमाने भाड्याने देणारे, बँका, विमानतळ चालवणारे आणि प्रवर्तक यांच्यापैकी कोणी किती झळ सोसली, हे विचारण्याचा युनियनला पूर्ण अधिकार आहे, आणि 'अजून कोणी नाही' असे उत्तर आले तर पहिली झळ बॅगा चढवणाऱ्या लोडरने का सोसायची, हा पुढचा प्रश्न आहे.

आकडे न पाहता सही केल्याने काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचे आहे. एप्रिल २००३ मध्ये तिथल्या वैमानिक, हवाई कर्मचारी आणि जमिनीवरील कामगार अशा तिन्ही संघटनांनी दिवाळखोरी टाळण्यासाठी मतदान करून वर्षाला दीड अब्ज डॉलरहून अधिक सवलती सोडल्या. त्याच सुमारास उघड झाले की वरच्या अधिकाऱ्यांना टिकवून ठेवण्यासाठी मोठे बोनस ठरले होते आणि कंपनी बुडाली तरी त्यांचे निवृत्तिवेतन शाबूत राहावे म्हणून वेगळ्या ट्रस्टमध्ये पैसाही टाकला होता. ही माहिती मतदानाआधी कामगारांना मिळालेली नव्हती. संताप एवढा झाला की मुख्य कार्यकारी अधिकारी डॉन कार्टी यांना त्याच महिन्यात पद सोडावे लागले, बोनस मागे घ्यावे लागले. कामगारांची कपात मात्र कायम राहिली, आणि तीच कंपनी नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेलीच. युनायटेड एअरलाइन्समध्ये तर २००५ साली न्यायालयाच्या परवानगीने निवृत्तिवेतन योजनाच कंपनीने अंगावरून झटकल्या आणि त्यांचा भार सरकारी हमी संस्थेवर पडला. अनेकांच्या हाती ठरल्यापेक्षा कमी पैसे आले.

आपल्याकडचा अनुभव आणखी कडवट आहे. किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीचा परवानाच निलंबित झाला. जेट एअरवेजचे विमान आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरूनही उडत असे. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीची उड्डाणे थांबली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार आधीच थकलेले होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, असा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि तरीही अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी अवसायनात काढण्याचाच, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करण्याचाच, आदेश झाला. दिवाळखोरी संहितेनुसार पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन फंडातील रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही, आणि 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने येते. पण जे या व्याख्येत बसत नाहीत त्यांची बारा महिन्यांचीच थकबाकी धरली जाते आणि तीही खालच्या पायरीवर. म्हणून कपातीच्या करारात एक कलम असलेच पाहिजे: सोडलेली रक्कम ही 'देय वेतन' म्हणून दरमहा नोंदली जाईल आणि पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत दिसेल. ती ओळ नसेल तर कंपनी बुडाल्यावर त्या रकमेचा दावा कशाच्या आधारावर करणार?

कपात तुलनेने सुसह्य कशी करता येते, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०२० मध्ये एअर इंडियाने भत्ते निम्म्यापर्यंत कापले, तेव्हा मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वगळला होता आणि दरमहा २५ हजारांपेक्षा कमी एकूण पगार असलेल्यांना कपातीतून सूट होती. मी त्या निर्णयाचा समर्थक नाही. त्याच वेळी आणलेली पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठवण्याची योजना तर निव्वळ अन्यायाची होती. तरी खालच्या पगाराला हात लावायचा नाही, हे तत्त्व सरकारी मालकीच्या, कर्जात बुडालेल्या कंपनीला त्या काळात पाळता आले, तर आज विमाने भरून उडवणाऱ्या खासगी कंपनीला ते का पाळता येऊ नये?

आता कायद्याबद्दल, कारण इथे तरुण कामगारांची फसगत होण्याची शक्यता आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. वेतन, भत्ते, रजा किंवा रूढ सवलतींत बदल करायचा तर मालकाने नोटीस दिली पाहिजे आणि त्यानंतर २१ दिवस थांबले पाहिजे, ही जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद नव्या संहितेतही आहे. रात्रीची गाडी आणि आई-वडिलांचा विमा हेही रूढ सवलतींत येतात, असाच युनियनचा दावा असला पाहिजे. पण बदल युनियनशी झालेल्या समझोत्यातून होत असेल तर या नोटिशीची गरज राहत नाही. व्यवस्थापन सहीसाठी एवढी घाई करते, त्यामागे मला हेही कारण दिसते.

दुसरी गोष्ट सामूहिक रजेची. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे तंत्रज्ञ कमी पगाराच्या नाराजीतून आजारपणाच्या रजेवर गेले होते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने तोच मार्ग धरला, पंचवीस जणांना कामावरून काढले गेले आणि केंद्रीय मुख्य श्रम आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर त्यांना परत घेतले गेले. नव्या संहितेत मात्र एकाच दिवशी पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून रजा घेतली तर तो संप मानला जातो, आणि संपासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना लागते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'उद्या सगळे सिक' असा निरोप फिरवणाऱ्या मुलांना हे युनियनने गेट मीटिंग घेऊन समजावले पाहिजे. विमान कंपनीचा वाद केंद्रीय श्रम यंत्रणेकडे जातो. तिथे समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती संपेपर्यंत मालकाला वादातल्या सेवाशर्ती एकतर्फी बदलता येत नाहीत. हा मार्ग संथ आहे, पण त्यात कोणाची नोकरी पणाला लागत नाही.

सर्वात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. अशा वाटाघाटी अडल्या की व्यवस्थापन एक गोड तोडगा पुढे करते: आत्ता आहेत त्यांचे पगार तसेच ठेवू, नव्याने भरती होणाऱ्यांना कमी देऊ. अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ मध्ये हीच दुहेरी वेतनश्रेणी आणली आणि इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. वाळूजमध्ये आम्ही त्याचे दुसरे रूप पाहिले आहे. कायम कामगारांच्या करारात चांगली वाढ मिळाली आणि शेजारच्या मशीनवर तेच काम करणारे ट्रेनी आणि कंत्राटी कामगार त्यांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर राबत राहिले. पुढच्या कराराच्या वेळी कायम कामगारांची संख्या इतकी घटलेली असते की गेटवर उभे राहायला माणसे उरत नाहीत. नव्या संहितेप्रमाणे वाटाघाटीचा एकमेव हक्क हवा असेल तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. वैमानिकांची युनियन वेगळी, इंजिनिअरांची वेगळी, केबिन क्रूची वेगळी आणि ग्राउंडची वेगळी अशी विभागणी असलेल्या उद्योगात ते आधीच कठीण आहे. त्यात बॅगा चढवणारे कंत्राटी लोडर त्या हजेरीपटावरच नसतात.

पुतण्याच्या युनियनची सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे. उत्तरादाखल द्यायच्या पत्राचा मसुदा करायला मी त्यांना मदत करतो आहे. त्यात हिशेब तपासणी, वरच्या पगारापासून चढत्या प्रमाणात कपात, बारा महिन्यांची कमाल मुदत, सोडलेल्या रकमेची व्याजासह परतफेड, कपातीच्या काळात बोनस आणि लाभांशावर बंदी, त्या काळात निवृत्त होणाऱ्यांची ग्रॅच्युइटी जुन्या वेतनावर, आणि कंत्राटी लोडरांच्या मजुरीत कोणताही बदल नाही, एवढी कलमे घातली आहेत. परतफेडीचे कलम नेमके कोणत्या शब्दांत घालावे, यावर माझे समाधान अजून झालेले नाही. कंपनी नफ्यात आल्यावर, असे लिहिले तर नफा कागदावर कधी दाखवायचा हे कंपनीच ठरवणार. म्हणून तारीख घालावी की उत्पन्नाचा आकडा घालावा, यावर विचार चालू आहे. ज्यांनी अशा करारांवर प्रत्यक्ष काम केले आहे, मग ते विमान कंपनीत असो, साखर कारखान्यात असो वा एमआयडीसीत, त्यांनी आपल्या करारातले ते कलम शनिवारच्या आत खाली कमेंटमध्ये लिहावे किंवा मला मेसेज करावा, ही कळकळीची विनंती.